पायरीवरचा नारळ

विद्यापीठाची कथास्पर्धा व्हायच्या आधीच मी ती जिंकले होते. तसा बोर्डच लागला होता. कासू स्टेशनवरून आमच्या गावाकडं रस्ता वळतो तिथं, चहाच्या टपरीशेजारी, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला खेटून माझा फ्लेक्स. वर तीनदा अभिनंदन. त्याखाली 'आमच्या गावची सुकन्या', त्याखाली माझं नाव, आणि त्याखाली लालभडक अक्षरांत 'विद्यापीठात प्रथम'. फोटो मावसबहिणीच्या हळदीतला. नाकात नथ, गालाला हळद आणि डाव्या खांद्यावर कापून उरलेला कुणाचा तरी हात. शुभेच्छुक म्हणून समस्त ग्रामस्थ मंडळ. त्या मंडळाला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

मी रोह्याहून कॉलेज करून येत होते. गाडीतून उतरले, वळणावर आले आणि स्वतःलाच बघून थांबले. टपरीवाल्या काकूंनी आतूनच सांगितलं की फोटो झकास आलाय, फक्त हात कुणाचा ते कळत नाही. मी मान खाली घातली आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

बाबा नुकतेच फर्स्ट शिफ्ट करून आले होते, ओटीवर चहा पीत बसले होते. मी चप्पलही काढली नाही, तशीच उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. स्पर्धा अजून व्हायची आहे. मला फक्त अंतिम फेरीला बोलावलंय. तिथं आपली गोष्ट वाचायची, मग परीक्षक ठरवणार. माझ्यासारखी बरीच पोरं असणार. हे सगळं मी दोनदा सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच समजावायला लागले. हरलेल्या माणसाला मुद्दाम फोन करून कोण बोलावतो? गावात कबड्डीचे सामने होतात, तेव्हा ज्याच्या हातात चषक द्यायचा त्यालाच स्टेजवर पुकारतात ना? कंपनीचंही तेच. ज्याला घ्यायचं नसतं त्याला कंपनी कधी कळवत नाही, गप्प बसते. विद्यापीठानं बोलावलंय म्हणजे काम झालंय, मला कॉलेजात जाऊन एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटत होतं.

आणि 'प्रथम' कुठून आलं, असं विचारलं तर म्हणाले, ते रामवाडीच्या फ्लेक्सवाल्याकडं आधीपासूनच होतं. दहावीच्या निकालाचा तयार नमुना, त्यात नुसता फोटो आणि नाव बदलायचं. 'प्रथम' काढ म्हणून सांगणं बाबांना अपशकुनी वाटलं. कशाला आपल्या तोंडानं?

मी आत जाऊन आदळआपट केली. आई म्हणाली, भांड्यांवर राग काढू नकोस, ती तुझ्या बापानं लावलेली नाहीत.

खरं सांगायचं तर फ्लेक्सनं कुणी मरत नाही. आमच्या तालुक्यात रोज कुणी ना कुणी खांबावर चढलेलं असतं, चार दिवसांनी दुसरं कुणी चढतं. मला धास्ती होती ती वेगळीच. फ्लेक्स लावून झाल्यावर बाबांना ती गोष्ट ऐकायची होती. एवढं विद्यापीठाला आवडलं, तर आहे तरी काय त्यात? आणि ती गोष्ट त्यांच्यावर होती.

म्हणजे ती गोष्ट माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाची होती. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. आजोबा मिठागरात राबले, बाबाही लहानपणी त्यांच्याबरोबर चिखल तुडवायला जायचे. मग मिठागरं बंद पडत गेली आणि बाबा रोह्याकडच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले. पण मिठागरातली एक सवय त्यांच्या हाडीमाशी राहिली. हंगामातलं पहिलं मीठ ओढायच्या दिवशी आजोबा बांधावर नारळ फोडायचे. बाबा काहीही नवीन सुरू झालं की नारळ फोडतात. सायकलीला फोडला, टीव्हीला फोडला, कंपनीत नवीन मशीन आलं तेव्हा साहेबांच्या आधी यांनीच नारळ काढला म्हणे. तर माझ्या पहिल्या दिवशी शिफ्ट बदलून घेऊन ते माझ्याबरोबर रोह्याला आले आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पिशवीतून नारळ काढला.

मला आधी कळलंच नाही. मी दोन पायऱ्या वर होते. मागं आवाज झाला, पाणी माझ्या नव्या ड्रेसवर उडालं, आणि मोटारसायकलींवर बसलेली पोरं फिसकन हसली. आतून शिपाई धावत आला. देऊळ आहे का हे, कोण झाडणार आता, अशी त्याची सरबत्ती सुरू झाली. आणि बाबा? बाबांच्या तोंडावर समाधान नुसतं सांडत होतं. त्यांनी एक भकल फोडून त्याचा तुकडा शिपायापुढं धरला, प्रसाद म्हणून. दुसरा त्या पोरांकडं. मी तोवर सरळ व्हरांड्यात गेले होते आणि नोटीस बोर्डासमोर उभी राहून, पायऱ्यांकडं पाठ करून, गेल्या वर्षीच्या परीक्षेचं वेळापत्रक वाचत होते. बाबांनी मागून मला हाक मारली. मी ओळ न ओळ वाचत राहिले. थोड्या वेळानं वळून बघितलं तर ते गेले होते. पायरीही पुसलेली होती.

हेच मी लिहिलं. कुठंही काही वाढवलं नाही, फक्त 'मी' च्या जागी 'ती' घातलं. आमच्या मराठीच्या मॅडमनी स्पर्धेसाठी गोष्टी मागवल्या होत्या. मी आधी एक पावसाची गोष्ट दिली होती, ती त्यांनी परत केली. म्हणाल्या, ज्याची लाज वाटते ते लिही. मी रागारागानं एका बैठकीत ही लिहून दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, आणि एका वाक्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली. म्हणाल्या, हे वाक्य आहे म्हणून ही कथा आहे. ते वाक्य असं होतं: 'हा माणूस तुझा कुणी लागत नाही, असं त्या क्षणी कुणीतरी येऊन सांगावं, असं तिला वाटलं.'

आता बोला. हे वाक्य बापाला कसं ऐकवायचं?

मी टाळाटाळ केली. गोष्ट कॉलेजात जमा आहे, असं मी म्हणाले. स्पर्धेआधी कुणाला दाखवायची नसते म्हणाले. छापून आली की निवांत वाचा म्हणाले. बाबांनी सगळं खरं मानलं. मला वाटलं, सुटले. तर आदल्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्या सुट्टी टाकली आहे. अंतिम फेरी यंदा पेणलाच एका कॉलेजात होती, विद्यापीठ दर वर्षी जागा बदलतं. आपल्या पेणला आलंय विद्यापीठ आणि आपण जायचं नाही? तिथं तू वाचशील तेव्हाच ऐकतो की. मी म्हटलं, पालकांना आत घेत नाहीत. त्यांनी आमच्या मॅडमना आधीच फोन करून विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, या की, जरूर या.

सकाळी आईनं बाबांच्या पिशवीत काहीतरी ठेवताना मी बघितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाबा तयार, केसांना तेल, पायांत लग्नाकार्यातल्या चपला. पेणपर्यंत रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ती पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. आत गोल, टणक. मला विचारायची गरज नव्हती. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आज दोन नारळ फुटणार. एक पायरीवर आणि एक आत, माइकवर.

त्या कॉलेजच्या पायऱ्या तर रोह्यापेक्षाही रुंद, काळ्या दगडाच्या, धुऊन काढलेल्या. बाजूला रांगोळी. स्वागताला साड्या नेसलेल्या मुली, गुलाबाची फुलं, आणि सगळीकडून आलेली ती हुशार पोरं, जी एकमेकांना कवितांवरून ओळखत होती. बाबा पहिल्या पायरीशी थांबले. पिशवी खाली ठेवली. पायरीकडं बघितलं, मग इकडंतिकडं. मी वरच्या पायरीवर उभी. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी पिशवी उचलली, काखेत धरली आणि म्हणाले की चल, उशीर होईल. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. एक संकट टळलं होतं.

हॉलमध्ये ते मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आमचा, म्हणजे वाचणाऱ्यांचा मान पुढच्या रांगेचा. माझ्याआधी एका मुलानं शहरातल्या एकटेपणावर वाचलं, एका मुलीनं आजोबांच्या विसराळूपणावर. दोन्ही गोष्टी चांगल्या होत्या. मी मात्र काही ऐकत नव्हते. मी ठरवत होते की ते वाक्य गाळायचं. नुसतं उडी मारून पुढं जायचं, बाकी गोष्ट तशी गोडच आहे, नारळ फोडणारा बाप, हसतील लोक, बाबाही हसतील. फार फार तर परीक्षकांच्या हातातल्या प्रतीत ते वाक्य असेल आणि त्यांना वाटेल मुलगी घाबरली. वाटू दे.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, वाचायला लागले. पायरी आली, नारळ आला, शिपाई आला. हॉलमध्ये हशा पिकला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पोरं माझ्या शब्दांवर हसत होती. मी आवाज चढवला, शिपायाची नक्कलसुद्धा केली. नोटीस बोर्ड आला तशी सगळी गप्प झाली. एवढी गप्प की पंख्याचा आवाज ऐकू यावा. आणि मला कळलं की ही शांतता त्या वाक्याची वाट बघतेय. ते वाक्य गाळलं तर ही शांतता वाया जाईल. मॅडमनी रेघ ओढली होती ते आठवलं. फ्लेक्स आठवला. मला नंबर हवा होता, अगदी जीव तोडून हवा होता. मी ते वाक्य वाचलं. तेवढ्यापुरता आवाज खाली आणला, पण माइक फारच चांगला होता.

शेवटच्या रांगेकडं मी बघितलं नाही.

वाचन झाल्यावर परीक्षक प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलत होते. आमचे परीक्षक वयस्क, खादीचा झब्बा, बोलणं मऊ. माझी पाळी आली तेव्हा मला स्टेजवर बोलावून बाजूला उभं केलं. म्हणाले, भाषा ओघवती आहे. मुलीची लाज अस्सल उतरली आहे, त्या एका वाक्याबद्दल तर अभिनंदनच. माझे कान तापले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, पण मला यातला बाप पटला नाही. इतकं भाबडं माणूस आज कुठं असतं? कॉलेजच्या पायरीवर नारळ फोडतो, शिव्या देणाऱ्याला खोबरं देतो. हे प्रतीक लेखिकेनं ओढूनताणून आणलंय, लाज ठळक व्हावी म्हणून. बाप माणूस वाटायला हवा होता, तो सोय म्हणून आला आहे.

मी 'हो सर' म्हटलं. आणि त्याच वेळी मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला तो आवाज ओळखीचा नव्हता, पण कुणाचा आहे ते लगेच समजलं.

बाबा उभे होते. पिशवी छातीशी धरलेली. म्हणाले, "साहेब, फोडला व्हता नारळ. मीच तो."

सगळा हॉल मागं वळला. आधी कुणाला कळेना, मग कळलं, आणि हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, पोरांनी टाळ्याही वाजवल्या. पण मी स्टेजवर उभी होते. पांढऱ्या शर्टातला माझा बाप हसऱ्या तोंडानं सगळ्यांकडं बघत होता, आणि अख्ख्या हॉलला नुकतंच माझ्या आवाजात कळलं होतं की हा माणूस आपला कुणी लागू नये असं हिला वाटलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं मला खरोखरच वाटलं. तिथली फरशी मात्र चांगली मजबूत होती.

परीक्षकही हसले. सज्जन माणूस होते ते, त्यांना दोष नाही. म्हणाले, काका, तुम्ही आलात, आनंद वाटला. पण घडलं म्हणजे ते गोष्टीत खरं वाटतंच असं नाही. गोष्टीचा न्याय वेगळा असतो. बाबांनी मान डोलावली, कंपनीत साहेबांनी नवीन नियम सांगितल्यावर डोलावतात तशी. "व्हय का," म्हणाले आणि खाली बसले.

माझा नंबर आला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. मग उत्तेजनार्थ पुकारले, त्यातही नाही. आम्हा उरलेल्यांना सहभागाची प्रमाणपत्रं मिळाली, बाहेर चहा आणि समोसा. बाबांनी माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, सुलटं वाचलं, मागून बघितलं. नंबर कुठं लिहिलाय ते शोधत होते. मी म्हटलं, नाही आला. ते म्हणाले, म्हणजे कितवा? मी म्हटलं, कितवाच नाही. एवढं बोलून मी समोसा कागदात तसाच ठेवून दिला.

परतीला गाडीची वाट बघत आम्ही पेण स्टेशनच्या बाकावर बसलो. आमच्या मार्गावर गाड्या बेताच्याच, एक गेली की बराच वेळ नुसते रूळ बघायचे. मला वाटलं होतं बाबा गप्प बसतील. बाबा गप्प बसले तर मला कळतं काय करायचं, आपणही गप्प बसायचं. पण त्यांना बोलायचं होतं. गोष्ट चांगली होती म्हणाले. पोरं कशी हसत होती, शिपायाची नक्कल तर डिट्टो. फक्त एक राहिलं म्हणाले. त्या शिपायानं शेवटी खोबरं घेतलं होतं. तोंडात टाकलं, मग हसला, आणि स्वतःच फडकं आणून पायरी पुसली. दोघांनी मिळून पुसली. त्याची पोरगी त्या वर्षी बारावीला होती, असं म्हणाला तो.

"ते नाय लिव्हलंस तू."

"मला दिसलं नव्हतं," मी म्हटलं.

"हां," म्हणाले.

समोरच्या फलाटावर एक बाई पोराला केळं भरवत होती. मग बाबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडं न बघता विचारलं.

"ते तू वाचलंस ना, कुणी लागत नाय असं... ते खरं व्हतं?"

काय काय येऊन गेलं माझ्या मनात. खरं सांगून टाकावं, पाय धरावेत, रडावं. मोठमोठ्या गोष्टी लिहिणारी मी, ज्याची लाज वाटते ते लिही म्हटल्यावर एका बैठकीत लिहून देणारी. माझ्या तोंडातून निघालं, "नाही हो बाबा. गोष्टीत असं घालावं लागतं."

त्यांचा चेहरा उजळला. निदान मला तसं दिसलं. म्हणाले, "व्हय, साहेब पण तेच बोलले. गोष्टीचं वेगळं असतं." आणि त्यांनी माझ्या हातातला तो समोसा घेऊन अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

कासूला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मी म्हटलं, मागच्या वाटेनं जाऊ. बाबा म्हणाले, कशाला, आणि नेहमीच्याच रस्त्यानं चालायला लागले. टपरीवर माणसं होती, असणारच, ती वेळच त्यांची. बोर्डाखालीच बसली होती. काकूंनी विचारलं की आणला का कप. मला वाटलं बाबा आता काहीतरी गुळमुळीत सांगतील, निकाल नंतर आहे वगैरे. ते सरळ म्हणाले, नंबर नाही आला, बोर्ड चुकलाय आपला, उद्या काढतो. एवढं सोपं होतं ते. मी आठवडाभर ज्याला घाबरत होते ते बाबांनी चप्पल झटकावी तसं झटकून टाकलं, आणि कुणी हसलं नाही. काकू म्हणाल्या, राहू दे रे, पोर छान दिसते त्यात.

पण त्यांना गोष्ट ऐकायची होती. नंबर नाही तर नाही, होती तरी कशावर? बाबा बाकावर टेकले, चहा सांगितला आणि सांगायला लागले. माझ्यापेक्षा चांगली सांगितली त्यांनी. मिठागराच्या बांधापासून सुरुवात केली, आजोबा आणले, रोह्याची पायरी आणली, शिपायाच्या शिव्या जशाच्या तशा. माणसं पोट धरून हसत होती. मी बोर्डाच्या बांबूला धरून उभी होते आणि वाट बघत होते. आता नोटीस बोर्ड येणार. आता माझी पाठ येणार.

"आन् ही व्हती माझ्या बाजूलाच," बाबा म्हणाले. "शिपाई बोंबलतोय, तर हिनंच त्याला खोबऱ्याचा तुकडा दिला. मंग गप झाला तो."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. किती मायेनं बघितलं. टपरीवाल्या काकू म्हणाल्या, अशी पोर हवी, नाहीतर आजकालची पोरं बापाला ओळख देत नाहीत चार माणसांत. बाबा चहाच्या कपात बघत होते. कुणीतरी म्हणालं, व्हय ना गो? आणि मी मान हलवली. व्हय. माझ्याच डोक्यावर मीच टांगलेली, हळद लावून, नथ घालून, आणि खाली मी मान हलवतेय. हॉलमधली लाज या लाजेच्या पासंगालाही पुरली नसती.

घरी आल्यावर बाबा हातपाय धुऊन आत गेले. मी ओटीवरच बसले. आमचं घर लहान, आतलं बोलणं बाहेर ऐकू येतंच, मुद्दाम कान द्यावा लागत नाही. आईनं पिशवी रिकामी केली असणार, कारण तिचा आवाज चढला. सकाळी हळदकुंकू लावून दिलेला नारळ तसाच्या तसा परत? म्हणूनच नंबर गेला. मी बजावलं होतं ना, आत जायच्या आधी पायरीवर फोडा म्हणून, एवढं एक काम नीट झालं नाही तुमच्यानं.

बाबा हळू बोलले. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलले, पण आमचं घर लहान.

"तिला आवडत नाय गो. रोह्याला फोडला तवा तिची पाठ बघितली व्हती मी."

आईनं विचारलं, आता याचं काय करू? बाबा म्हणाले, कालवणात घाल. तिनं नारळ पाट्याच्या कडेवर आपटला. पहिल्या घावात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. पाणी पेल्यात घेऊन आई ओटीवर आली, पेला माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि तिच्याकडं न बघता प्याले.